सूर आणि सुराची आज्ञा



आमच्या नेवाशाच्या भजनी मंडळांत पेटी वाजविणारे एक वृद्ध बुवा आहेत. त्यांचें नांव मी येथें घेत नाहीं. कारण तें असें चारचौघांत उच्चारलें गेल्याचें त्यांस मुळींच रुचणार नाहीं. गेल्या चाळीस वर्षांत त्यांच्या पेटीवांचून गांवचा हरिनाम सप्ताह पार पडल्याचें मला स्मरत नाहीं. दोन वर्षांपूर्वीं त्यांस अर्धांगवायूचा झटका आला. उजवें अंग देवानें राखलें. डावा हात मात्र खांद्यापासून लुळा पडला. आतां, पेटी वाजविणाराचा डावा हात म्हणजे त्याचा श्वास होय. उजव्या हाताचीं बोटें पट्ट्यांवरून कितीही चपळतेनें फिरोत, भाता हलला नाहीं तर सर्व व्यर्थ! एक वर्ष एका मुलास भाता मारण्यास बसवून पाहिलें; पण एकानें श्वास घ्यावा व दुसऱ्यानें बोलावें, असा तो प्रकार झाला. दुसऱ्या वर्षीं बुवा देवळाकडे फिरकलेच नाहींत.

माझा भाचा पुण्यास यंत्रविद्येचें शिक्षण घेतो. तो म्हणाला, "मामा, बुवांना भाता नसलेली पेटी आणून देऊं." मंडळानें वर्गणी काढली आणि एका शहरांतील दुकानांतून एकूणपन्नास पट्ट्यांचा, ज्यास हल्लीं 'कंट्रोलर' म्हणतात, तो आणला. विजेस जोडला कीं वाजूं लागेल, असें दुकानदारानें छातीठोकपणें सांगितलें होतें. सप्ताह चार दिवसांवर आला होता. बुवांच्या ओसरीवर आम्ही सातआठजण जमलों. यंत्र विजेस जोडलें. तांबडा दिवा लागला. बुवांनीं देवाचें नांव घेऊन काळी एक दाबली, आणि कांहींच झालें नाहीं. दुसरी पट्टी दाबली, तिसरी दाबली. शेवटीं हात मागें घेऊन ते म्हणाले, "मास्तर, ही पेटी मुकी आहे हो." दुकानदारास दूरध्वनि केला तेव्हां तो म्हणाला कीं, यांत आवाज नसतोच, आवाजाचें यंत्र निराळें घ्यावें लागतें. हें आधीं कां सांगितलें नाहीं, या माझ्या प्रश्नाचें उत्तर मला अद्याप मिळालेलें नाहीं.

मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक. उभा जन्म मुलांना इतिहास शिकविण्यांत गेला. वीज आणि यंत्रें हा माझा प्रांत नव्हे. परंतु बुवांचें तें वाक्य मनांत घर करून राहिलें, आणि वाद्य मुकें कसें असूं शकतें, असें वाद्य कोणी व कां निर्माण केलें, याचा मी शोध घेऊं लागलों. त्यांतून जें हातीं लागलें तें आज आपणांस सांगणार आहें.

प्रथम आपली साधी पेटी घेऊं. तींत पट्टी दाबली कीं खालचें छिद्र उघडतें, भात्यांतील वारा तेथून निसटतो, पितळेची पत्ती थरथरते आणि सूर उमटतो. बोट आणि सूर यांमध्यें लाकूड, वारा व पितळ यांवांचून दुसरें कांहीं नाहीं. हें वाद्य आपलें नव्हे. पॅरिसच्या अलेक्झांडर डेबें यानें १८४२ सालीं 'हार्मोनियम' या नांवानें त्याचा हक्क नोंदविला. तें पायांनीं चालवावयाचें व खुर्चीवर बसून वाजवावयाचें होतें. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनीं त्यास हाताचा भाता लावून बैठकीवर आणलें, आणि मग तें पाहतां पाहतां मैफलींत, नाटकांत, कीर्तनांत व चर्चमध्यें जाऊन बसलें. महाराष्ट्रांत नाटकमंडळ्यांनीं त्यास डोक्यावर घेतलें. १९११ सालीं रंगभूमीवर आलेल्या 'मानापमाना'च्या पदांना चाली देणारे गोविंदराव टेंबे हे मूळचे पेटीवालेच. भास्करबुवा बखले यांच्या साथीस ते बसत.

पण या वाद्याला शत्रूही थोडे नव्हते, आणि ते जेथें सर्वांत प्रबळ ठरले तें स्थान म्हणजे खुद्द नभोवाणी! जॉन फोल्ड्स या, दिल्लीच्या नभोवाणींत नोकरीस असलेल्या इंग्रज संगीतकारानें १९३८ सालीं पेटीविरुद्ध लेख लिहिला. रवींद्रनाथांनीं १९४० च्या जानेवारींत कलकत्ता केंद्रास पत्र लिहून ती बंद करण्याविषयीं सुचविलें. आणि १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओवर पेटीस मज्जाव झाला. स्वराज्य आलें तरी बंदी उठली नाहीं. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे मराठी गृहस्थ १९५२ ते १९६२ नभोवाणीचे मंत्री होते, त्यांनींही ती तशीच चालविली. पुढें १९७१ सालीं ती अंशतः सैल झाली. म्हणजे इकतीस वर्षें, देशांतील प्रत्येक देवळांत वाजणारें वाद्य देशाच्या नभोवाणीवर वाजत नव्हतें. पेटीवर आक्षेप दोन: एक, तिच्यांत मींड निघत नाहीं; दोन, तिचे बारा सूर आपल्या गळ्याच्या सुरांशीं तंतोतंत जुळत नाहींत. हा दुसरा आक्षेप ध्यानांत असूं द्यावा. तो पुढें आमच्याच ओसरीवर येऊन उभा राहणार आहे.

आतां या कथेचा दुसरा धागा. सूर एका जागीं निर्माण व्हावा व तो कसा वाजवावा याची आज्ञा दुसऱ्या जागेहून यावी, ही कल्पना विजेपूर्वींची आहे. स्वरलिपि म्हणजे दुसरें काय? कागदावर सूर नसतो, सुराची आज्ञा असते. विष्णु दिगंबर पलुसकर आणि विष्णु नारायण भातखंडे या दोन महाराष्ट्रीयांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं आपापल्या स्वरलिप्या प्रचारांत आणल्या. दोघेही थोर, पण लिप्या दोन! भातखंड्यांच्या लिपींत स्वराच्या डोक्यावर टिंब दिलें तर तो तार सप्तकांतील, आणि मंद्राचें टिंब स्वराच्या खालीं. पलुसकरांच्या लिपींत डोक्यावरचें टिंब मंद्राचें, आणि तार सप्तकास उभी रेघ. म्हणजे एकाच चिन्हास एका घरचा शिष्य वर चढतो व दुसऱ्या घरचा खालीं उतरतो. मुंबईच्या चित्रपटांत गोव्याच्या वादकांनीं आणलेली तिसरी, पाश्चात्य पांच रेघांची लिपि चालली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, सेबास्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड अशा मंडळींनीं संगीतकाराच्या पेटीवरची चाल त्या लिपींत उतरवून साठसत्तर वादकांपुढें ठेवावी, आणि सर्वांनीं एका क्षणीं तीच आज्ञा पाळावी, असा तो क्रम होता.

ज्या गांवीं ज्ञानेश्वरांनीं शके १२१२ मध्यें सांगितलें व सच्चिदानंदबाबांनीं लिहून घेतलें, त्या गांवच्या माणसास सांगणें आणि लिहिणें यांतील अंतर निराळें समजावून द्यावयास नको. असो.

विजेवर चालणारीं सूरयंत्रें, म्हणजे सिंथेसायझर, १९७० नंतर मुंबईंत येऊं लागलीं. केर्सी लॉर्ड हे पारशी वादक तीं चित्रपटांत आणणाऱ्या पहिल्या मंडळींपैकीं होत. त्या काळीं प्रत्येक कारखान्याची भाषा निराळी होती. पलुसकरी टिंब आणि भातखंडी टिंब यांचाच तो प्रकार. एका कंपनीची पट्टी दुसऱ्या कंपनीच्या यंत्रास सूर सांगूं शकत नसे. वादकाभोंवतीं चार यंत्रें असलीं तर चारांच्या चार पट्ट्या असत आणि हात दोनच!

या काळांतील मुंबईचें एक उदाहरण सांगण्याजोगें आहे. चरणजित सिंग हे चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गिटार वाजविणारे कलावंत. १९८२ सालीं त्यांनीं भैरव, ललित, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग जपानी यंत्रांवर ध्वनिमुद्रित केले. ठेक्यास रोलंड कंपनीचें ८०८ हें यंत्र, खर्जाच्या सुरावटीस त्याच कंपनीचें ३०३, आणि रागाच्या आलापीस ज्युपिटर-८. ठेका व खर्ज हीं दोन्हीं एकाच कंपनीचीं, म्हणून एका तारेनें त्यांची लय एक करतां येत असे. त्या तारेस पांच कांट्यांचा गोल खटका असे. पण त्या तारेंतून जात असे तो केवळ लयीचा ठोका. कोणता सूर, किती जोरानें, हें तिला सांगतां येत नसे. ध्वनिमुद्रिका तेव्हां फारशी खपली नाहीं. २०१० सालीं ती पुन्हां निघाली, आणि ज्या धर्तीचें नृत्यसंगीत अमेरिकेंत त्यानंतर कांहीं वर्षांनीं जन्मलें असें जग समजत होतें, तें मुंबईंत आधींच वाजून गेलें होतें हें पाहून पाश्चात्य रसिक चकित झाले. चरणजित सिंग २०१५ सालीं निवर्तले. उतारवयांत कां होईना, आपलें कौतुक त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें.

ही भाषांची बजबजपुरी मोडण्याचें श्रेय मुख्यतः दोघांकडे जातें. एक जपानचे इकुतारो काकेहाशी, रोलंड कंपनीचे संस्थापक. दुसरे अमेरिकेचे डेव्ह स्मिथ, 'प्रॉफेट' नांवाच्या प्रख्यात यंत्राचे कर्ते. १९८१ सालीं काकेहाशी यांनीं अमेरिकन कारखानदारांकडे सामायिक भाषेची गोष्ट काढली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत स्मिथ यांनीं अभियंत्यांच्या परिषदेंत तिचा पहिला आराखडा वाचला. यामाहा, कोर्ग, कावाई या जपानी कंपन्या सामील झाल्या. १९८३ च्या जानेवारींत कॅलिफोर्नियांतील एका व्यापारी प्रदर्शनांत स्मिथ यांचें यंत्र व रोलंडचें यंत्र एका तारेनें जोडलें. एकाची पट्टी दाबली आणि दुसऱ्यांतून सूर आला. दोन प्रतिस्पर्धी कारखान्यांचीं हीं यंत्रें! या भाषेचें नांव 'मिडी'. विशेष हें कीं, तिजवर कोणीं हक्क सांगितला नाहीं आणि कपर्दिकाही मागितली नाहीं. त्यामुळेंच ती टिकली, असें माझें मत आहे. दोघांस २०१३ सालीं त्याबद्दल ग्रॅमी संस्थेचा तांत्रिक सन्मान मिळाला. काकेहाशी २०१७ सालीं व स्मिथ २०२२ सालीं वारले.

या भाषेंत लिहिलेलें असतें तरी काय? भाच्यानें मला तें वहींत आंकडे मांडून दाखविलें, आणि मला तें तारेच्या संदेशासारखें वाटलें. बुवांनीं मधली काळी एक दाबली कीं तारेंतून तीन आंकडे निघतात: १४४, ६१, ८०. पहिला आंकडा आज्ञेचा: 'सूर सुरू कर'. दुसरा सुराचा: मधल्या पांढऱ्या एकीस ६० हा क्रमांक आहे, म्हणून तिच्या शेजारची काळी एक ६१. तिसरा आघाताचा: बोट किती वेगानें पडलें तें १ पासून १२७ पर्यंत. बोट उचललें कीं पुन्हां तीन आंकडे: १२८, ६१ आणि आणखी एक, म्हणजे 'तो सूर थांबव'. आज्ञेचे आंकडे १२८ व त्यापुढील, माहितीचे सर्व त्याखालचे. त्यामुळें ऐकणाऱ्या यंत्रास आज्ञा कोणती व तपशील कोणता याचा घोटाळा पडत नाहीं. सूर मात्र या तारेंतून जात नाहीं. ज्या पट्ट्यांस बुवा मुक्या म्हणाले त्या मुक्या नव्हत्या. त्या बोलत होत्या, पण ऐकणारें कोणी नव्हतें.

तारेची रचनाही पाहण्यासारखी आहे. पांच कांट्यांपैकीं तीनच उपयोगांत येतात: दोहोंतून वीज, एक आवरणाचा. सेकंदास ३१,२५० या गतीनें खुणा जातात. तीन आंकड्यांची एक आज्ञा पोहोंचण्यास सेकंदाचा हजारावा भागही पुरा लागत नाहीं. तार पन्नास फुटांहून लांब नसावी असा दंडक आहे. आणि सर्वांत सुंदर गोष्ट ही कीं, ऐकणाऱ्या यंत्राच्या दाराशीं एक इवलासा दिवा असतो. येणारी वीज तो दिवा उघडझाप करते, समोरचा प्रकाशग्राही तुकडा ती उघडझाप वाचतो, आणि वीज तेथेंच थांबते. एका यंत्राची वीज दुसऱ्यांत शिरून गुणगुण करूं नये म्हणून ही योजना. मी तें ऐकलें तेव्हां क्षणभर त्या तारेचा रागच ओसरला.

आतां आमच्या जोडणीची हकीकत. नगरच्या एका मोडलेल्या वाद्यवृंदाकडून भाच्यानें जुनी ध्वनिपेटी मिळविली. तिच्यांत सूर होते, पण पट्ट्या नव्हत्या. मुकी आणि आंधळी अशी दोघांची गांठ घालावयाची होती. पहिल्या दिवशीं मीं एकट्यानेंच तार लावली आणि पुन्हां मौन! कारण कंट्रोलरच्या 'आउट' छिद्रांतून निघालेली तार मीं ध्वनिपेटीच्या 'आउट'मध्येंच बसविली होती. छिद्रें सर्व सारखींच. दोन तोंडें एकमेकांस लावलीं, कान कोणालाच नव्हता. तार एकाच्या 'आउट'मधून दुसऱ्याच्या 'इन'मध्यें गेली पाहिजे. 'थ्रू' नांवाचें तिसरें छिद्र असतें, तें आलेली आज्ञा जशीच्या तशी पुढच्या यंत्रास देतें.

भाचा आला, तार फिरविली, तरीही आवाज नाहीं. मग उलगडा झाला तो असा. एका तारेंतून सोळा निरनिराळ्या वाद्यांस आज्ञा देतां याव्या म्हणून सोळा मार्ग ठेवलेले आहेत. पहिल्या मार्गावर 'सूर सुरू कर' म्हणावयाचें तर १४४, दुसऱ्यावर १४५, असे सोळा. आमचा कंट्रोलर पहिल्या मार्गावर बोलत होता; ध्वनिपेटी वाद्यवृंदांतील संवयीप्रमाणें दुसऱ्या मार्गावर कान लावून बसली होती. सरकारी कचेरींत एका खिडकीवर अर्ज द्यावा आणि साहेबानें दुसऱ्या खिडकीशीं वाट पाहावी, तसें झालें. मार्ग एक केला आणि ओसरीवर सूर आला. परंतु तो शहामृग ओरडावा तसा कांहींतरी होता. वाद्य बदलण्याची आज्ञा निराळी, १९२. १९९१ सालीं सर्व कारखान्यांनीं मिळून १२८ वाद्यांची एक सामायिक यादी केली. तींत १०५ वें सतार, ११२ वें सनई. तबला नाहीं, तंबोरा नाहीं, आणि आपली पेटीही नाहीं. त्यांतल्या त्यांत जवळचें म्हणजे २१ वें, पत्त्यांचा ऑर्गन. पण यंत्र शून्यापासून मोजतें, म्हणून २१ वें हवें असल्यास तारेंतून २० हा आंकडा पाठवावा लागतो. यादीकर्त्यांस कोणी विचारलें असतें तर हिंदुस्थानांत पेटी किती वाजते हें सांगतां आलें असतें. तें राहून गेलें खरें.

बुवांनीं अभंगाची चाल धरली आणि लगेच थांबले. "हा सूर बोटानें लहानमोठा होतो, मास्तर. पेटींत तसें नसतें. तें काम भात्याचें." किती अचूक नेमकें सांगितलें! आघाताचा आंकडा पियानोस शोभतो, पेटीस नव्हे. भाच्यानें आघात कायमचा एकाच आंकड्यावर बांधून टाकला, आणि भात्याच्या जागीं पायाचें एक पेडल जोडलें. १७६ ही आज्ञा, ११ हा क्रमांक आणि पाय किती दाबला त्याचा आंकडा: एवढ्यांत श्वास परत आला. बुवांचा उजवा पाय धड आहे. मात्र त्यासाठीं त्यांस खुर्चीवर बसावें लागलें, आणि देवापुढें खुर्चीवर बसण्यास ते दोन दिवस तयार होईनात. टेंब्यांच्या काळच्या नाटकांतील ऑर्गनवाले खुर्चीवरच बसत, हें मीं सांगितलें तेव्हां कुठें मान्य झालें.

राहिला तो जुना आक्षेप. "गांधार चढा आहे," असें बुवा म्हणाले. आपल्या लाकडी पेटीच्या पत्त्या ते स्वतः कानसीनें घासून जुळवीत. यंत्राचे बारा सूर मात्र सारख्या अंतरावर बांधलेले. एका अर्धस्वराचे शंभर भाग कल्पिले तर यंत्राचा गांधार षड्जापासून ४०० भागांवर असतो, आणि तंबोऱ्याच्या षड्जांतून आपोआप ऐकूं येणारा गांधार सुमारें ३८६ वर. चौदा भागांचा हा वाद महाराष्ट्रांत जुना आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं १९१० सालीं बावीस श्रुतींवर इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केलें. क्लेमेंट्स नांवाच्या, संगीताचा नाद असलेल्या इंग्रज न्यायाधीशानें त्यांस साथ दिली, आणि त्या दोघांच्या खटपटींतून श्रुतींची पेटी तयार झाली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेंत तिजवर चर्चा झाली. भातखंड्यांस ती मान्य नव्हती. आपल्या काळांत डॉ. विद्याधर ओक यांनीं पट्टीगणिक खुंटी ठेवून, हवी ती श्रुति निवडतां येईल अशी बावीस श्रुतींची पेटी घडविली आहे.

मिडींतही तोड आहे. २२४ ही आज्ञा सूर किंचित् चढविते अथवा उतरविते. मध्य ८१९२, आणि सामान्यतः वर व खालीं दोन दोन अर्धस्वरांची मुभा. गांधार चौदा भाग उतरवावयाचा तर सुमारें ७६१९ पाठवावें, असा भाच्यानें हिशेब केला. परंतु ही आज्ञा त्या मार्गावरील सर्व सुरांस एकदम लागू होते. गांधार उतरवावा तर त्याच्यासंगें धरलेला षड्जही उतरतो! सुरागणिक निराळा मार्ग देऊन ही अडचण टाळण्याची पद्धति २०१८ सालीं सर्वमान्य झाली, आणि २०२० सालीं भाषेची दुसरी आवृत्ति निघाली, तींत प्रत्येक सुरास स्वतंत्रपणें हालवितां येतें. आमच्या जुन्या ध्वनिपेटीस हें कांहींच ठाऊक नव्हतें. पण तिच्यांत बारा पट्ट्या एकेक करून चढविण्या-उतरविण्याची सोय सांपडली. काळी एक षड्ज धरून पांढरी चार चौदा भाग उतरविली, आणि बुवांनीं मान डोलाविली. तेवढ्यांत मृदंगवाले म्हणाले, "आणि महाराजांनीं काळी दोन मागितली तर?" मग तीच पांढरी चार ऋषभ होते, आणि तो उतरलेला ऋषभ कानास टोंचतो. यावर उपाय म्हणून भाच्यानें दोन जुळण्या निरनिराळ्या साठवून ठेवल्या. देवल-क्लेमेंट्सांस ज्यासाठीं निराळें वाद्य घडवावें लागलें, त्याचा एक कोंपरा आमच्या ओसरीवर दोन बटनांत मावला. सर्व नव्हे, एक कोंपरा.

सप्ताह सुरू झाला. तिसऱ्या रात्रीं ऐन कीर्तनांत एका लेंकराचा पाय तारेंत अडकला आणि तार निसटली. बुवांचें बोट त्या वेळीं पंचमावर होतें. 'सूर सुरू कर' ही आज्ञा पोहोंचली होती; 'थांबव' ही पोहोंचलीच नाहीं. बुवांनीं हात वर उचलून दाखविला तरी पंचम आपला वाजतोच आहे! कांहीं यंत्रें दर सेकंदास तीनचार वेळां 'मी आहें' असें कळवितात, आणि तें कळविणें थांबलें कीं ऐकणारें यंत्र गप्प होतें. आमच्यांत ती सोय नव्हती. श्रोत्यांत कुजबुज झाली. कीर्तनकार महाराज मात्र मोठे प्रसंगावधानी. त्यांनीं त्याच पंचमास तंबोरा समजून नामाचा गजर धरला. मीं अंधारांत चांचपडत तार पुन्हां बसविली, बुवांनीं तीच पट्टी एकदां दाबून सोडली, आणि पंचम थांबला. पुढें कळलें कीं १२३ क्रमांकाची एक आज्ञा 'सर्व सूर थांबवा' याचसाठीं राखून ठेवलेली आहे. दुसऱ्या दिवसापासून तार चिकटपट्टीनें जमिनीस जखडली.

या विद्येची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९८० नंतर एक मनुष्य बऱ्याच यंत्रांस आज्ञा देऊं लागला, आणि चित्रपटांच्या त्या साठसत्तर वादकांच्या खुर्च्या हळूहळू रिकाम्या झाल्या. आमची ध्वनिपेटीही एका मोडलेल्या वाद्यवृंदाचीच. ती विकणारा गृहस्थ पूर्वीं व्हायोलिन वाजवीत असे, पैसे मोजून घेतांना तो भाच्यास म्हणाला, "हिच्यांत व्हायोलिनही आहे, बरं का, ४१ वें." त्याचा स्वर कडू नव्हता, पण मला तें ऐकून बरें वाटलें नाहीं.

शेवटच्या दिवशीं भाच्यानें बुवांच्या वादनाच्या आज्ञा संगणकांत टिपून घेतल्या. चाळीस मिनिटांचें वादन. तबकडीच्या प्रतीचा आवाज टिपला असता तर चारशें मेगाबाइटांहून अधिक जागा लागती, या आज्ञांस मात्र चिमूटभर पुरली. आवाज नसल्यामुळें त्यांत आणखी एक सोय आहे: लय कमी केली तरी सूर उतरत नाहीं. आमच्या गल्लींतील एक मुलगी बुवांकडे पेटी शिकते. ती आपल्या घरच्या लाकडी पेटीपुढें बसते, बुवांचें टिपण निम्म्या लयींत लावते आणि बोटें जुळविते. परवां ती त्यांस विचारीत होती, "आजोबा, तिसऱ्या अभंगाच्या अंतऱ्याला तुम्ही निषादावर इतकें थांबतां तें कां? मला तसेंच बसवायचें आहे." बुवा खुर्चींत टेकून ऐकत होते. ते म्हणाले, "पोरी, तेथें माझें बोट घसरलें होतें."